प्रस्तावना : आधी कंबर मोजू

आमच्या दवाखान्यात वजनकाट्याच्या वर, खिळ्याला शिंप्याची टेप टांगलेली असते. नवीन पेशंट आला की आधी काट्याकडे बघतो, मग टेपकडे. काट्याचे त्याला नवल नसते, पण टेप इथे कशाला, हे मात्र बहुतेक जण विचारतात. ही पुस्तिका म्हणजे त्या एका प्रश्नाचे लांबलेले उत्तर आहे.

काही वर्षांपूर्वी जवळच्या गावातून एक बाई आल्या होत्या. वय त्रेचाळीस, घरची शेती, चार म्हशी. पायाला मुंग्या येतात आणि दुपारनंतर गळून गेल्यासारखे वाटते, ही तक्रार. उंची १५२ सेंटीमीटर, वजन ५४ किलो. उपाशीपोटी साखर तपासली तर १४८. मी कंबर मोजायला घेतली तेव्हा त्या संकोचल्या. टेप ९१ सेंटीमीटरवर थांबली. पोटावरच्या चरबीबद्दल मी बोलू लागले तर त्यांना ते खरेच वाटेना. "मॅडम, मी कुठे जाड आहे? जाड तर माझी जाऊ आहे. मी दोनच पोळ्या खाते हो."

दोनच पोळ्या खाते, हे वाक्य मी इतक्या बायकांच्या तोंडून ऐकले आहे की सुरुवातीला मला ते खोटे वाटायचे. आता वाटत नाही. त्या बाईंकडून मी आदल्या दिवसाचे सगळे खाणे घड्याळाच्या काट्याप्रमाणे लिहून घेतले. पहाटे पाचला धार काढण्याआधी चहा, सोबत दोन टोस्ट. आठला मुलाच्या डब्यातून उरलेली अर्धी पोळी, तुपसाखरेची. दहाला पुन्हा चहा. जेवण दुपारी अडीचला, सगळ्यांचे झाल्यावर. दोन पोळ्या, वाटीच्या तळाशी राहिलेली भाजी, पातेल्यातला उरलेला भात, त्यावर पातळ वरण. चारला चहा, मूठभर फरसाण. सातला चहा. रात्री दहाला पुन्हा दोन पोळ्या, आणि "टाकवत नाही म्हणून" कालचा फोडणीचा भात. बाई खोटे बोलत नव्हत्या. एका जेवणाला पोळ्या दोनच होत्या. बाकीचे त्यांच्या हिशेबात जेवण नव्हतेच, ती घरातल्या अन्नाची निरवानिरव होती. पण दिवसभरात कोशिंबिरीचे चार घास नव्हते, डाळ नावापुरती आणि ताजे फळ आठवड्यात एकदाही नाही.

स्थूलपणा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर भरपूर खाणारा, आळशी, पैसेवाला माणूस येतो. या चित्राने आपले फार नुकसान केले आहे. ज्यांना आजार जडतो आहे ते स्वतःला त्या चित्रात ओळखत नाहीत, आणि ज्यांना लोक त्या चित्रात बसवतात ते लाजेने दवाखान्यात येत नाहीत. आपल्याकडचा स्थूलपणा पुष्कळदा टंचाईत घडलेल्या शरीरावर अचानक आलेल्या मुबलकतेतून निर्माण झालेला आहे. हे नीट समजले की दोष कुणाला द्यायचा हा प्रश्न मागे पडतो, आणि काय बदलायचे याकडे लक्ष जाते.

याचा सर्वांत ठळक पुरावा पुण्यातून आला, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. गरोदर राहण्याआधी त्या स्त्रियांचे सरासरी वजन होते जेमतेम ४२ किलो. त्यांची बाळे जन्मली ती साधारण पावणेतीन किलोंची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन शहरातल्या बाळांशी त्यांची तुलना केली, तर ती बाळे साडेतीन किलोंची. आपले बाळ सगळ्याच बाबतींत लहान निघाले: स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरून मोजलेली चरबी मात्र जवळपास तेवढीच! गर्भात अन्न कमी पडले तेव्हा शरीराने स्नायूंवर काटकसर केली आणि चरबी राखून ठेवली. वरून रोड, आतून मेदयुक्त अशा या बाळाची नोंद २००३ साली वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

पुढच्याच वर्षी, २००४ मध्ये, डॉ. याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये आपल्या दोघांचा शेजारी शेजारी उभे राहून काढलेला फोटो छापला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या प्रमाणातल्या वजनाचा आकडा, अगदी एकच: २२.३. दोघेही तक्त्याप्रमाणे निरोगी. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के, दुपटीहून जास्त. वैद्यकीय विद्यार्थ्यांना मी हजार शब्द सांगण्यापेक्षा तो फोटो दाखवते.

स्नायू हे रक्तातली साखर खर्च करणारे सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक. तेच जन्मापासून कमी असले आणि पुढे खाणे वाढले, कष्ट कमी झाले, की उरलेली साखर चरबी होऊन साठते. ती आधी कातडीखाली मावते. तिथली जागा भरली की यकृतात आणि आतड्यांभोवती शिरते. या आतल्या चरबीमुळे इन्शुलिनला शरीर दाद देईनासे होते. म्हणून मधुमेह, रक्तदाब, यकृताला सूज हे आजार आपल्याकडे कमी वजनाला आणि लवकर वयात गाठतात.

आता हे शरीर ज्या घरात वाढले त्या घराकडे बघा. माझी आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात असे. परदेशातून आलेला तांबडा मिलो आणि वाटपातली सुकडी खाऊन त्या पिढीने दिवस काढले. तिच्या दृष्टीने साखर, तूप, पांढरा भात म्हणजे सुखाचे दिवस आल्याची खूण. नातवंडांना ती ते हात सैल सोडून वाढायची, आणि त्यात प्रेमाशिवाय दुसरे काही नव्हते. आपली भाषाही तिच्याच बाजूने बोलते. बाळाने बाळसे धरले पाहिजे, मूल गुटगुटीत हवे, सून अंगाने भरली तर सासर खात्यापित्या घरचे. उलट रोडावलेल्याला आपण काडी म्हणतो, पाप्याचे पितर म्हणतो. उपासमारीची भीती ज्या भाषेत इतकी खोल मुरली आहे, तिच्यात जादा खाण्याला इशारा देणारे शब्द फारसे तयारच झाले नाहीत. 'पोट सुटले' हा एक, आणि तोही थट्टेत वापरायचा.

म्हणून "आजीसारखे जेवा" असा सोपा सल्ला या पुस्तिकेत सापडणार नाही. आजीच्या ताटात भाकरी, ठेचा आणि कधी हुलग्याचे माडगे होते. ते चांगले होते, पण पुरेसे नव्हते. पुण्याच्या त्याच अभ्यासात असे दिसले की ज्या गरोदर स्त्रियांच्या खाण्यात पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा होते त्यांची बाळे अंगाने मोठी झाली, आणि ज्या स्त्रियांना शेतातले व पाणी वाहण्याचे जड कष्ट जास्त पडले त्यांची बाळे लहान राहिली. म्हणजे पोरीबाळींना, गरोदर सुनांना नीट खाऊ घालणे हेसुद्धा स्थूलपणा रोखण्याचेच काम आहे. ऐकायला उलटे वाटते, पण पुढच्या पिढीचे पोट आजच्या आईच्या ताटात ठरते.

आकडे थोडक्यात सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे २००५-०६ साली देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी १२.६ टक्के आणि पुरुषांपैकी ९.३ टक्के जादा वजनाचे होते. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २४ आणि २२.९ टक्क्यांवर गेले. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीत १०.१ कोटी लोक मधुमेही आणि आणखी १३.६ कोटी त्याच्या उंबरठ्यावर असल्याचा अंदाज आला. त्याच पाहणीत पोटाचा स्थूलपणा ३९.५ टक्के प्रौढांमध्ये आढळला. दहांतल्या जवळपास चौघांत.

हा जो पोटाचा स्थूलपणा आहे तो वजनकाटा दाखवत नाही, म्हणून टेप. बॉडी मास इंडेक्सचे सूत्र बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकात मांडले, तेही लोकसमूहाची सरासरी काढण्यासाठी. एका माणसाची चरबी कुठे साठली आहे हे त्या सूत्राला कळत नाही. जगभर २५ च्या वर जादा वजन धरतात. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी ही रेषा २३ वर आणली आहे, आणि कंबरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटीमीटर, स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ठरवली आहे. मोजायची पद्धत अशी: सरळ उभे राहायचे, शेवटची बरगडी आणि कंबरेचे हाड यांच्या बरोबर मधोमध टेप धरायची, पोट आत न ओढता सहज श्वास सोडायचा आणि मग आकडा वाचायचा. पँटचा नंबर म्हणजे कंबर नव्हे, कारण पुरुष पोटाच्या खाली पट्टा बांधतात आणि वर्षानुवर्षे चौतीस नंबरच सांगत राहतात.

तरी पुरुषांना पँट काहीतरी सांगते. साडी आणि गाऊन काहीच सांगत नाहीत. परकराची नाडी रोज बोटभर सैल बांधली की झाले. आमच्या भागातल्या बचत गटाच्या बैठकीत टेप फिरवली तेव्हा अनेक बायकांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची कंबर मोजली होती. ब्लाउज शिवताना शिंपी मोजतो ती छाती आणि दंड. कंबर कुणी मोजलेलीच नव्हती.

पुस्तिकेचा मोठा भाग स्वयंपाकघराबद्दल आहे. त्यातले तेलाचे प्रकरण मी सगळ्यांत जास्त वेळा लिहून खोडले, कारण तेलाबद्दल बोलले की लोकांना वाटते डॉक्टर चव हिरावून घ्यायला निघाल्या. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत साधारण दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी तेल-तूप मिळून २७ ग्रॅम धरले आहे. ग्रॅम कुणी मोजत बसत नाही, म्हणून मी महिन्याचा हिशेब करते. चार मोठ्या माणसांच्या घराला महिन्याला सव्वातीन किलो, तूप-लोणी धरून. म्हणजे तेलाचा पंधरा किलोचा डबा साडेचार महिने पुरायला हवा. तुमच्याकडे किती पुरतो, एवढेच आधी बघा. बैठकीत मी हे विचारते तेव्हा "दोन महिने" हे उत्तर सर्रास येते, आणि मग बायकाच एकमेकींकडे बघू लागतात.

घाण्याचे तेल असेल तर चालते का, हा पुढचा प्रश्न ठरलेला. करडई असो, शेंगदाणा असो, घाण्याचे असो की पिशवीतले, एक ग्रॅम तेलात नऊ कॅलरीच असतात. वास, चव वेगळी, पण चरबी तेवढीच. उपाय साधा आहे. महिन्याचे तेल पहिल्या तारखेला वेगळ्या बाटलीत काढून ठेवायचे आणि फोडणी पळीने ओतायची नाही, चमच्याने मोजायची. पहिले दोन आठवडे तर्रीशिवाय रस्सा बेचव लागतो. मग जीभ सवय करून घेते, हे मी माझ्याच घरी पाहिले आहे.

साखरेबद्दल लिहिताना मला थोडे अवघडल्यासारखे झाले. मी ऊस पिकवणाऱ्या तालुक्यात राहते. १९५० साली प्रवरेच्या काठी महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पुढे अशा कारखान्यांभोवती शाळा, कॉलेजे, दवाखाने आले. माझे शिक्षणही त्या पैशाच्या सावलीत झाले. उसाला शिव्या देणे मला जमणार नाही. पण जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते, आणि चार कप चहात दोन दोन चमचे साखर म्हणजेच ४० ग्रॅमच्या आसपास होते. बिस्किटे, टोस्ट, शिरा अजून मोजलेच नाहीत. चहा सोडा असे मी म्हणत नाही. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करा, आणि कपाबरोबर बशीत काय येते तिकडे बघा. आपल्याकडे चहा एकटा येत नाही, खारी घेऊनच येतो.

उपवासाचे प्रकरण वाचून काही वाचक नाराज होतील. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्याच म्हणीने सांगून ठेवले आहे. साबुदाणा हा टॅपिओकाच्या कंदाचा निव्वळ पिठूळ स्टार्च, त्यात प्रथिने नसल्यात जमा. त्यावर बटाटा, कूट, तूप. श्रावणातल्या आणि नवरात्रातल्या उपवासांनंतर माझ्या मधुमेही पेशंटांची साखर वाढलेली येते. श्रद्धा असणाऱ्याने उपवास जरूर करावा. उकडलेले रताळे, ताक, काकडीची कोशिंबीर, राजगिऱ्याची भाकरी, एखादे फळ, एवढ्यावर उपवास उत्तम पार पडतो आणि व्रतही मोडत नाही.

ताट मात्र बदलावे लागेल, आणि त्यासाठी बाहेरून काही आणायची गरज नाही. मराठी ताटाला डावी बाजू असते: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. ही बाजू आज चमचाभर उरली आहे. ती वाटीभर झाली पाहिजे. उजव्या बाजूची आमटी घट्ट हवी. मटकी, मसूर, चवळी, हुलगा यांपैकी काहीतरी रोज हवे. ज्यांना चालते त्यांनी अंडी, मासळी घ्यावी. पोषण संस्थेने दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये आणि २५० ग्रॅम धान्ये सांगितली आहेत. आपल्या घराघरांत धान्य याहून बरेच जास्त आणि भाजी निम्म्याहून कमी असते. ज्वारी-बाजरी चांगलीच, पण चार भाकऱ्या त्या चारच.

मुलांसाठी वेगळे प्रकरण आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे जादा तेल, मीठ, साखर असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत विकता येत नाहीत. तरीही गावोगावी फाटकासमोरच्या टपरीवर रंगीत पुड्यांच्या माळा लटकत असतात. पालकसभेत हा नियम वाचून दाखवा, त्याला अधिकार लागत नाही. आणि पाकिटाच्या मागचा तक्ता मुलांनाच वाचायला शिकवा. शीतपेयाच्या २५० मिलीच्या बाटलीत साधारण २५ ग्रॅम साखर असते. तेवढी साखर ताटलीत काढून मी शाळेत दाखवते, तेव्हा वर्ग एकदम शांत होतो.

गेल्या काही वर्षांत मराठी घरांत कधी आणि किती वेळा खावे या विषयावर जेवढी चर्चा झाली तेवढी आधी कधीच झाली नव्हती. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला दोन वेळाच जेवण्याचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगावी पोचवला. ऋजुता दिवेकर यांनी थोड्या थोड्या वेळाने, घरचे, हंगामी खाण्याचा आग्रह धरला. लोक विचारतात, तुम्ही कोणत्या बाजूच्या? मला वाटते, दोन्हींकडच्या सल्ल्यात येता जाता तोंडात टाकायचे फरसाण आणि बिस्किटे हद्दपार होतात, आणि पुष्कळांचा निम्मा फायदा तिथेच होतो. एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना जेवणाच्या वेळा स्वतःच्या मनाने तोडू नका. साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडलेला मी पाहिला आहे. आधी डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या. २०२५ पासून वजन उतरवणारी नवी इंजेक्शने आपल्याकडे मिळू लागली आहेत. ती कुणाला द्यावीत हा डॉक्टरांचा निर्णय आहे, पण ती घेतानाही डाळ, भाजी आणि स्नायूंचा व्यायाम सुटत नाही.

आणि कृपा करून कुणाला जाड्या, ढोल्या म्हणू नका, घरातल्या मुलाला तर नाहीच. चिडवून कुणाचे पोट कमी झालेले मी एकदाही पाहिलेले नाही. अशी मुले चोरून खायला शिकतात आणि खेळाच्या तासाला आजारी पडतात. घरात एकाचे वजन वाढले असेल तर ताट सगळ्यांचेच बदलायचे. एकट्यासाठी वेगळी उकडलेली भाजी शिजवणे ही शिक्षा होते, आणि शिक्षा कुणीही फार दिवस भोगत नाही.

त्या त्रेचाळीस वर्षांच्या बाई सहा महिन्यांनी पुन्हा आल्या. गोळ्या चालू होत्याच. वजन फक्त दोन किलोंनी उतरले होते आणि त्या त्यावरून खट्टू होत्या. मी टेप लावली: ८६ सेंटीमीटर. उपाशीपोटी साखर ११२. काय केले म्हणून विचारले. संध्याकाळी म्हशींचे झाले की जावेबरोबर कॅनॉलपर्यंत चालायला जातात. जेवायला आता सगळ्यांबरोबर बसतात, शेवटी नाही. "आणि सासूबाईंनी भात मोजून लावायला सांगितलाय," त्या म्हणाल्या. "उरला की मी खाते, हे त्यांच्या लक्षात आलं. आता पातेल्यात उरतच नाही."